एका खटक्याला एक काप

विभागात तिला सगळे रेघताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि तिथंच सुखात होतं. तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, पण ऐकणाऱ्याला पटत नसे: माणसाच्या आतल्या भागांभोवती रेघ काढायची.

रुग्णालयाचा हा विभाग किरणांनी गाठी जाळण्याचा. आधी यंत्र रुग्णाच्या डोक्याचे किंवा छातीचे फोटो काढी, पावाचे काप करावेत तसे, एकामागून एक, मिलिमीटर मिलिमीटरच्या अंतरानं. मग प्रत्येक कापावर डॉक्टर गाठीभोवती लाल रेघ काढत. आणि गाठीच्या शेजारी जे निरपराध लोक राहतात, म्हणजे डोळा, डोळ्याची नस, कानाचा शंख, मणक्यातली दोरी, त्यांच्याभोवती हिरवी रेघ काढायची रेघताईनं. या रेघांच्या भरवशावर मोजमापवाले सर किरणांचा रस्ता आखत. लाल रेघेच्या आत मारा, हिरवीला वळसा घाला. यंत्राला माणूस दिसत नाही. त्याला रेघ दिसते, आणि रेघ चुकली तर ते बिचारं चुकीचंसुद्धा अगदी तंतोतंत करतं.

रेघताईची रेघ विभागात नावाजलेली होती. अकरा वर्षं तिनं एकाच तालावर काम केलं होतं. माऊसचं चाक बोटानं एक खटका फिरवायचं, खट, पुढचा काप येतो. रेघ काढायची, टोकाला टोक जोडायचं. पुन्हा खट. एका खटक्याला एक काप. कितवा काप हे आकड्यात बघायची तिला गरज पडत नसे. बोटालाच मोजणी पाठ होती. रेघ जोडताना ती सुरुवातीच्या टोकावरून किंचित पुढं जाई, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या डोक्यावर एक बारीकशी गाठ पडे. ती सही तिची. तिच्या फायली डॉक्टर भरभर चाळून मान्य करत, कारण रेघताईचं काम तपासायचं म्हणजे उगाच तिचा अपमान करायचा, असं त्यांना मनापासून वाटे. माणसावर इतका विश्वास टाकू नये, पण हे शहाणपण नेहमी नंतरच सुचतं.

दुखणं सुरू झालं ते वर्षापूर्वी. अंगठ्याच्या मुळाशी एक कळ, मग मनगटात, मग कोपरापर्यंत. सकाळी कपडे पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. औषधवाला म्हणाला, विश्रांती द्या. विश्रांती द्यायची म्हणजे सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिच्या आधी ज्या ताई रेघा काढायच्या, त्यांनी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं की हात भरून येतो. आठवड्याभरात त्यांना नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिथं त्या चार वर्षं ‘पुढचा’ म्हणत होत्या आणि एक दिवस निवृत्त झाल्या. रेघताईला खिडकीची भीती वाटायची, अगदी खरीखुरी. अकरा वर्षांत तिला दुसरं काही आलं नव्हतं, आणि हे जे आलं होतं ते तिला फार आवडत होतं. हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिनं मूठ झाकली. तीसुद्धा नीट मिटत नव्हती.

घरात ते ओळखलं फक्त तिच्या दिरानं. तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचा. त्याच्या दुकानाला घरचे भंगार म्हणत आणि तो संग्रह म्हणे. एका रविवारी दुपारी त्यानं पाहिलं, वहिनी डब्याचं झाकण कोपरात धरून उघडतायत.

“वहिनी, किती दिवस चाललंय हे?”

“काय चाललंय?”

“मला नका शिकवू. माऊसचा हात आहे तो. दिवसाला चार गिऱ्हाईकं बघतो मी असली.”

तासाभरात तो दुकानातून एक पिशवी भरून घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर त्यानं ती उपडी केली. वस्तू मांडल्या आणि प्रत्येकीची ओळख करून दिली, मुलगी बघायला आलेल्यांना सांगावी तशी, फक्त गुण सांगायचे आणि खोड लपवायची.

पहिला होता उभा माऊस. समोरच्याशी हात मिळवावा तसा धरायचा. मनगटाला आराम वाटला, पण बारीक रेघ खांद्यातून काढावी लागे, आणि खांद्यातून काढलेली रेघ बैलगाडीतून लिहिल्यासारखी येई. मग गोटीवाला. माऊस जागचा हलत नाही, वरची गोटी फिरवायची.

“ही अंगठ्यानं फिरवायची,” दीर म्हणाला.

“आणि दुखतो काय माझा?”

“अंगठा.” त्यानं ती गुपचूप पिशवीत टाकली.

दुसरी गोटी मोठी होती, बोटांनी फिरवायची. ती थांबवायला गेलं की एक गिरकी जास्त घेई. कीबोर्डच्या मधोमध वाटाण्याएवढं लाल बटण असलेला एक लॅपटॉप होता. ते जरा दाबलं तरी बाण रुसलेल्या जावयासारखा तडक दाराकडं निघे. पेन आणि पाटी मात्र झकास होती. पेनानं तिनं काढलेली रेघ पाहून दीर म्हणाला, हेच घ्या. पण पेन चिमटीत धरायचं, आणि चिमटीचा अर्धा भाग अंगठा. दहा मिनिटांत घाम फुटला. शिवाय पाटी टेबलावर दिसली की पहिला प्रश्न येणार, अचानक हे कशाला? डाव्या हातानं माऊस धरून पाहिला, तर तिची रेघ बालवाडीत जाऊन बसली.

शेवटी त्यानं तिचा ऑफिसचा लॅपटॉप उघडला आणि खालच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. “हा कसा सुटला आपल्या नजरेतून? ट्रॅकपॅड. मनगट हलतच नाही, वहिनी. एका बोटानं रेघ, दोन बोटांनी काप पुढं. आणि कुणाला कळायचंही नाही, लॅपटॉपातच आहे तो.”

“नाजूक काम आहे रे माझं.”

“सवय होईल. हे बघा, किती मऊ आहे. बोटं उचलली तरी पान आपोआप थोडं पुढं सरकतं.” त्यानं बातम्यांचं पान वर ढकललं आणि बोटं काढून घेतली. पान घसरत घसरत जाऊन अलगद थांबलं. तिलाही ते फार आवडलं. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणाली, आणि चार दिवस घरी सराव केला. रेघ जरा हळू येत होती, पण नीट येत होती. कळ निम्म्यावर आली.

सोमवारपासून विभागात एक छोटं नाटक सुरू झालं. माऊस लॅपटॉपच्या उजवीकडं, नेहमीच्या जागी. काम ट्रॅकपॅडवर. कुणी जवळ आलं की उजवा हात टुणकन माऊसवर. मोजमापवाले सर एकदा म्हणाले, “रेघताई, हल्ली तुमचा माऊस आवाज करत नाही.” ती म्हणाली, “तेल घातलंय.” सर हसले, तीही हसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. पुढचा तासभर तिनं माऊसवरचा हात काढला नाही. पण हात सुधारत होता. बावीस दिवसांत सतरा फायली झाल्या. तिनं कपडे पुन्हा उजव्या हातानं पिळायला घेतले.

तेविसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, रुग्णालयाच्या दुरुस्तीवाल्यानं तिचा लॅपटॉप काहीतरी नवीन भरायला नेला आणि तिला कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिथं माऊसच होता. मोजमापवाले सर दारातून म्हणाले, “ती डोक्याची फाईल उघडता का जरा? गाठ आणि डावी नस, मधलं अंतर हवंय. किरणांच्या सहा बैठका झाल्यात, सातवी आज साडेअकराला.”

तिनं फाईल उघडली. फाईल तिचीच होती, महिन्याच्या सुरुवातीची. या फोटोंचे काप कपाळाकडून मागं जात, आणि डोळ्याची नस प्रत्येक कापात एका वाटोळ्या ठिपक्यासारखी दिसे. तिनं चाकावर बोट ठेवलं. खट. ठिपक्याभोवती हिरवी रेघ, रेघेच्या डोक्यावर तिची गाठ. खट. रेघ, गाठ. खट. रेघ.

गाठ नव्हती.

तिला वाटलं, चष्मा पुसायला हवा. चष्मा पुसला. खट. रेघ, गाठ नाही. खट, गाठ नाही. खट, नाही. खट, नाही. मग पुढच्या कापावर पुन्हा तिची गाठ. मधल्या पाच कापांवर सुंदर, गुळगुळीत, कुठंही न जोडलेली रेघ होती, आणि ती तिनं काढलेली नव्हती.

कोणी काढली हे कळायला तिला अर्धं मिनिट लागलं, आणि ते अर्धं मिनिट संपूच नये असं वाटलं. मधला काप कोरा राहिला तर कॉम्प्युटर आधीची आणि नंतरची रेघ जोडून स्वतःच भरून टाकतो. न विचारता. चांगली सोय म्हणून दिली होती ती. आणि काप कोरे राहिले कारण ट्रॅकपॅडवर दोन बोटं सरकवून उचलली तरी काप थांबत नाहीत. बातम्यांच्या पानासारखे आणखी थोडे घसरतात. कधी एक, कधी पाच. तिच्या बोटाला वाटत होतं एक खटका, एक काप. खटकाच नव्हता, आणि बोट मोजत होतं.

बहुतेक ठिकाणी बिघडलं नसतं. सरळ जाणारी नस मधे पाच काप वगळले तरी सरळच जाते. पण या पाच कापांत नस हाडाच्या बोगद्यात शिरताना आत वळत होती. कॉम्प्युटरला वळण माहीत नव्हतं. त्यानं या टोकापासून त्या टोकाला नाकासमोर रेघा ओढल्या. त्यातल्या तीन कापांवर पांढुरका ठिपका हिरव्या रेघेतून निम्मा बाहेर होता. बाहेरच्या बाजूला नाही. गाठीच्या बाजूला. यंत्र सहा दिवस हिरव्या रेघेला इमानदारीत वळसा घालत होतं, आणि नस बाहेर उभी होती.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

माणूस अशा वेळी थोर विचार करतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. रेघताईच्या मनात पहिली आली ती खिडकी. दुसरं आलं, आत्ता तीन रेघा सरकवल्या तर कोणाला कळेल? तिनं खरोखर बोट ठेवलंही. पण फाईलवर कुलूप होतं. मान्य झालेली रेघ डॉक्टरांच्या सहीशिवाय हलत नाही. बरं झालं कुलूप होतं. तिनं हे स्वतःशी पुढं अनेकदा कबूल केलं की त्या दिवशी तिला आधी कुलपानं अडवलं आणि मग लाजेनं.

ती उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. “साडेअकराची बैठक थांबवा,” ती म्हणाली. “डाव्या नसेची रेघ चुकलीय. माझी.”

डॉक्टरांनी फोन उचलून यंत्राच्या खोलीत सांगितलं, आज नाही. मग तिघं जुन्या कॉम्प्युटरपुढं बसले. डॉक्टरांनी ते पाच काप एकेक करून पुढंमागं फिरवले. शेवटी म्हणाले, “मी हे पाच काप पाहिले होते. म्हणजे, पाहिलेच नसणार.”

मोजमापवाल्या सरांनी खऱ्या नसेवर रेघ धरून सगळं पुन्हा काढलं. पाऊण तास लागला. तो पाऊण तास रेघताई भिंतीला टेकून उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाही. नसेपर्यंत ठरल्याहून बरेच जास्त किरण पोचले होते. मर्यादेच्या आत, पण काठावर. तीसमधल्या चोवीस बैठका बाकी होत्या, त्यांत ती वाचवता येणार होती. “आज कळलं म्हणून,” सर म्हणाले. “आणखी दहा झाल्या असत्या तर काही करता आलं नसतं.”

“बाकीच्या सोळा फायलीही थांबवा,” रेघताई म्हणाली. “बावीस दिवस ट्रॅकपॅड वापरलाय मी.”

“ट्रॅकपॅड?” डॉक्टर वळले. “का?”

ती गप्प राहिली. एवढीच गप्प राहिली, पण डॉक्टरांनी तेवढ्यात स्वतःच उत्तर भरून टाकलं. “म्हणजे नवे लॅपटॉप आले म्हणून. काप घसरतात हे कुणी तपासायला हवं होतं की नाही आधी? तुमचा काय दोष त्यात.” ते भले गृहस्थ होते, आणि त्यांचीही सही त्या फाईलवर होतीच. चूक नोंदवायचा कागद त्यांनी पुढं ओढला आणि ‘कारण’ या चौकटीत लिहिलं, उपकरणातील दोष. “रुग्ण बाईंना मी शनिवारी सांगेन, सगळं पक्कं कळल्यावर. आज यंत्राचं काम निघालं म्हणून घरी पाठवू.”

रेघताईच्या जिवात जीव आला. हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही, पण आला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणानं तर मुकाट्यानं दोष घेतला होता. सतरा फायली ती तपासून देईल, माऊसवर, खटका खटका करत. दुखेल. पण खुर्ची राहील.

जिन्यानं खाली उतरताना तिला मधल्या हॉलमधून जावं लागलं. रुग्णांना ती कधी बघत नसे; तिची त्यांची भेट कापातच. पाळीच्या बाकावर फक्त एक बाई राहिल्या होत्या, पन्नाशीच्या, मांडीवर गडद निळा सदरा. त्या हातानं काजं करत होत्या. बटणाच्या त्या एवढ्याशा चिरेभोवती टाका, टाक्याला लागून टाका, निळ्यावर निळा दोरा.

“यंत्राचं काम निघालं म्हणे,” बाईच आधी बोलल्या. “अजून किती वेळ? दुकानात हे सदरे सहाला द्यायचेत. काजं काय, मशीनवरही होतात, पण आमच्या शिंप्याची गिऱ्हाईकं हातचीच मागतात.”

“घरी जायला सांगितलं नाही तुम्हाला?”

“सांगितलं. म्हटलं, झालं सुरू तर उगाच दोन खेपा.” त्यांनी सदरा उजेडाकडं धरला, डोळा बारीक केला आणि सुई पुढच्या टाक्यात अचूक घातली.

रेघताई त्यांच्या शेजारी बसली. बसायचं ठरवलं नव्हतं, पाय थांबले. टाके एकमेकांना लागून होते, मधे एक धागासुद्धा मोकळा नव्हता. काज पूर्ण झाल्यावर बाईंनी शेवटचा टाका पहिल्यावरून पुढं नेला आणि गाठ मारली.

“यंत्र बरं आहे,” रेघताई म्हणाली. “चूक माझी आहे.”

आणि तिनं सांगितलं. बाईंना समजेल असं, काप आणि रेघ आणि वगळलेली पाच ठिकाणं. मधे काही सोडलं नाही. बाईंनी सुई सदऱ्यात टोचून ठेवली आणि ऐकलं.

“किती वेळा झालं?”

“सहा.”

बाईंनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि समोरच्या भिंतीकडं पाहिलं. मग हातातल्या काजाकडं. बराच वेळ पाहिलं.

“दिसतंय,” त्या म्हणाल्या. “आज दिसतंय.”

“कदाचित काहीच होणार नाही. डॉक्टर म्हणतात काठावर आहे. खरं कळायला महिने जातील.”

“तुमचं हे कामच आहे ना? मग असं कसं झालं?”

उपकरणातील दोष, हे उत्तर वर कागदावर लिहून तयार होतं. “हात दुखतो माझा,” रेघताई म्हणाली. वर्षभरात हे वाक्य तिनं या इमारतीत पहिल्यांदाच उच्चारलं. “माऊस धरवत नव्हता. म्हणून दुसरं वापरलं, चोरून.”

“सांगायचं होतं मग.”

“सांगितलं की नोंदणीच्या खिडकीवर बसवतात.”

बाईंनी तळवा डोळ्यावरून काढला. त्या रागावल्या नव्हत्या, निदान तसं दिसत नव्हतं. त्यांनी सदऱ्याची घडी घातली, घडीवर हात फिरवला आणि साधंच विचारलं, शेजारणीला विचारावं तसं.

“तुम्हाला खिडकीवर बसवतील. मला कुठं बसवतील?”

रेघताईला रडू येत होतं आणि त्या बाकावर रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. बाईंनी पिशवी खांद्याला लावली. “शनिवारी मी मुलीला घेऊन येते. हे सगळं तिला पुन्हा सांगा, असंच,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. दाराशी थांबून त्यांनी परत एकदा उजवा डोळा झाकला, वरच्या पाटीकडं पाहिलं आणि मग पायरी उतरल्या.

रेघताई जिना परत चढली. डॉक्टर खोलीत नव्हते, कागद टेबलावरच होता. ती उभ्यानंच वाकली, ‘उपकरणातील दोष’ यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहायला घेतलं. हात वर्षभर दुखतो आहे. मी सांगितलं नाही. चार ओळी झाल्या. पेन चिमटीत धरून लिहिताना दोनदा थांबावं लागलं, अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. मग खाली सही केली आणि डॉक्टर येईपर्यंत तिथंच उभी राहिली.